माल्टन नगरीचीं गाऱ्हाणीं

शहरें ओस पडतात तीं दुष्काळानें, साथीनें अथवा परचक्रानें, असा इतिहासाचा सामान्य अनुभव आहे. माल्टन हें शहर १४ मार्च २०२५ रोजीं ओस पडलें तें एका कायद्यामुळें. साथ तेथें पहिल्या दिवसापासूनच होती. परचक्र बाहेरून येण्याची गरजच नव्हती, तें रोज गांवांतल्या गांवांत उठत असे. या दोहोंना पुरून उरलेलें शहर सरकारी कलमापुढें मात्र टिकलें नाहीं.

नकाशांत हें माल्टन शोधूं नये. यॉर्कशरमध्यें त्या नांवाचें एक खरेंखुरें गांव आहे, पण तें निराळें. हें माल्टन संगणकाच्या पडद्यावर वसलेलें होतें. 'अर्बन डेड' नांवाच्या खेळाची ती रंगभूमि. केव्हन डेव्हिस या ब्रिटिश रचनाकारानें हा खेळ एकहातीं रचला आणि ३ जुलै २००५ रोजीं लोकांपुढें ठेवला. त्या सुमारास संगणकावरील मोठे खेळ म्हणजे मोठमोठ्या कारखान्यांतून बाहेर पडणारा महागडा माल झाला होता. ते विकत आणावे लागत आणि चालविण्यास यंत्रही दमदार लागे. डेव्हिसच्या खेळाला यांतलें कांहींच नको होतें. ब्राउझर उघडून नांव नोंदविलें कीं माल्टनचा दरवाजा उघडे, आणि तोही फुकट. पडद्यावर दिसत ते नऊ रंगीत चौकोन. मधल्या चौकोनांत खेळणारा स्वतः, भोंवतीं आठ दिशांना आठ जागा. शेजारीं चार साधीं वाक्यें: ही इमारत कोणती, दिवे लागले आहेत कीं काळोख आहे, आंत कोण कोण आहेत, दार कितपत पक्कें आहे. असे चौकोन सबंध शहरांत १०,००० होते, आणि त्यांचीं १०० उपनगरें पाडलेलीं होतीं. शाळा, इस्पितळें, चर्च, पोलीसठाणीं, आगीच्या बंबांचीं ठाणीं, मोठाले मॉल, सारें कांहीं तेथें होतें. साथीमुळें शहर बाहेरच्या जगापासून तोडलेलें आहे आणि आंत अडकलेल्यांनीं कसेंबसें दिवस काढावयाचे आहेत, एवढेंच कथानक.

खेळाची खरी खुबी कथानकांत नव्हती, ती काळाच्या हिशेबांत होती. प्रत्येकाजवळ फार तर ५० कृतिगुण असत. चालणें, घाव घालणें, कपाट धुंडाळणें, इतकेंच काय पण तोंडांतून शब्द काढणें, यांपैकीं बहुतेक गोष्टींना एक गुण पडे. खर्चलेला गुण दर अर्ध्या तासास एक याप्रमाणें भरून येई. म्हणजे रिकामा घडा पुरा भरण्यास २५ तास लागत. सकाळचा चहा होतो न होतो तों दिवसाचा डाव आटपे आणि माणूस आपल्या कचेरीस निघून जाई. पत्रोपत्रीं चालणाऱ्या बुद्धिबळासारखा हा संथ खेळ होता. फरक इतकाच कीं बुद्धिबळांतला राजा दोन पत्रांच्या मधल्या काळांत सुरक्षित असतो. माल्टनमध्यें तसें नव्हतें. खेळणारा कचेरींत जाऊन बसला तरी त्याचें पात्र शहरांतच राही. ज्या जागीं गुण संपले त्या जागीं तें झोंपलेलें, आणि सारें शहर त्याच्या भोंवतीं जागें. दुसऱ्या दिवशीं पडदा उघडला म्हणजे पहिलें वाक्य वाचेपर्यंत छातींत धडधड व्हावी, ती यामुळें.

आणि मेलेल्याचें पुढें काय? इतर खेळांत मेलेला सोंगट्यांच्या डबींत जातो. माल्टनमध्यें मेलेला मनुष्य उठून उभा राही आणि झोंबी होई. मराठींत झोंबी म्हणजे दोन मल्लांची झटापट. इंग्रजींतून आलेला हा शब्द निराळा, त्याचा अर्थ चालतें-फिरतें प्रेत. पण एकदां झोंबी झाला कीं त्याच खेळणाऱ्यास उलट्या बाजूनें खेळावें लागे. ज्या सोबत्यांबरोबर काल दार लावून घेतलें, त्यांचेंच दार आज बाहेरून ठोठावावयाचें. 'नेक्रोटेक' नांवाच्या एका कल्पित कंपनीच्या इमारतींत एक प्रकारची सुई सांपडत असे. ती टोंचली म्हणजे मृत पुन्हां जिवंत होई. त्यासाठीं ठराविक जागीं, बहुधा दफनभूमींत, मृतांची रांग लागे. रेशनच्या दुकानापुढें उभें राहावें तसे ते निमूटपणें उभे राहात. कांहींना मात्र मृतावस्थाच रुचे. त्यांच्यासाठीं मेंदू कुजविण्याची एक 'विद्या' होती. ती घेतली कीं सुईचा गुण सहसा लागत नसे.

अशा शहरांत गाऱ्हाणीं किती असतील आणि कशीं परस्परविरोधी असतील याची कल्पना करणें कठीण नाहीं. कोणत्याही खेळाच्या कर्त्याकडे तक्रारी येतातच; पण बहुधा त्या एका दिशेनें येतात. हें फार अवघड आहे, तें फार सोपें आहे, अमुक हत्यार निकामी आहे. अर्बन डेडमध्यें प्रत्येक तक्रारीच्या समोर तिची उलटी तक्रार उभी होती. जिवंतांना मिळालेली प्रत्येक सवलत मृतांच्या ताटांतून उचललेली असे. वर आणखी गंमत अशी कीं कर्त्यानें जिवंत किती आणि मृत किती याचे आंकडे सर्वांना उघड दिसतील असे ठेवले होते. एकाच आंकड्यावरून दोन्ही पक्ष आपापला छळ सिद्ध करून दाखवीत. हा प्रकार कांहीं माल्टनपुरताच आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

गाऱ्हाणीं मांडण्याची रीतही खेळाडूंनीं आपली आपण बसविली. खेळाच्या जोडीला सर्वांनीं मिळून लिहावयाची एक सामायिक वही, म्हणजे विकि, होती. तींत कोणीही नवा नियम सुचवावा. मग इतरांनीं सही करून मत द्यावें: ठेवा, मारा, किंवा तिसरें मत, हा निव्वळ कचरा आहे. नुसतें मत चालत नसे, कारण लिहावें लागे. मतांच्या चाळणींतून उतरलेली सूचना परीक्षित सूचनांच्या यादींत जाई, आणि ती यादी कर्त्यानें वाचावी अशी अपेक्षा असे. वारंवार त्याच त्या गोष्टी सुचविल्या जाऊं लागल्या तेव्हां नवागतांसाठीं एक वेगळें पानच करावें लागलें: दूरवरून नेम धरणारी बंदूक सुचवूं नये, वाहनें सुचवूं नयेत. शेंकडों सूचना अशा रीतीनें जन्मल्या, वादविवादांत घोळल्या गेल्या आणि बहुतेक तेथेंच निमाल्या. एखाद्या गांवच्या पंचायतीची दप्तरें चाळावींत तसें तें वाङ्मय आहे. कंटाळवाणें, भांडखोर, मधूनच अत्यंत शहाणें.

पण पंचायतीच्या हातीं ठराव करणें होतें, अंमल नव्हता. अंमल सर्वस्वीं डेव्हिसच्या हातीं. येथें त्याच्याविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. पीटर सबर या अमेरिकन तत्त्वज्ञानें 'नोमिक' नांवाचा एक खेळ काढला होता. तो १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. या खेळांत नियम बदलणें हीच चाल. प्रत्येकानें आपल्या पाळीला नवा नियम सुचवावयाचा, इतरांनीं मत द्यावयाचें, आणि संमत झालेल्या नियमानें पुढें खेळावयाचें. लोकसत्तेची प्रयोगशाळाच म्हणावी असा हा प्रकार. त्याच धर्तीवर डेव्हिसनें २००३ मध्यें 'ब्लॉगनोमिक' सुरू केला होता. म्हणजे प्रजेनें कायदे करणें कसें असतें, हें त्याला पुस्तकावरून नव्हे तर प्रत्यक्ष कारभारावरून ठाऊक होतें. पुढें २००७ मध्यें 'चोअर वॉर्स' नांवाचा दुसरा एक खेळही त्यानें काढला. त्यांत भांडीं घासणें, केर काढणें यांना गुण मिळत आणि घरांतल्या माणसांत चढाओढ लागे. असा मनुष्य माल्टनचा कायदा मात्र स्वतःच्या हातांत ठेवतो, हें विसंगत वाटण्यासारखें आहे. तें तसें नाहीं. नोमिकमध्यें सर्व खेळाडू एकाच जातीचे असतात. माल्टनमध्यें बहुमत ज्या पक्षाचें होईल त्यानें दुसऱ्याचा खेळच संपविला असता, आणि बहुधा जिवंतांची संख्या मृतांहून अधिक असे. मतपेटीवर कारभार सोपविला असता तर माल्टनमध्यें वर्षभरांत एक प्रेत उरलें नसतें.

डेव्हिसची उत्तर देण्याची पद्धत ठरलेली होती. तो वाद घालीत नसे. एके दिवशीं नियम बदललेला असे, आणि बातम्यांच्या पानावर तारखेखालीं एकदोन ओळींची नोंद असे. तीच नोंद हेंच उत्तर. कोणाची मागणी मान्य झाली, कोणाची फेटाळली, हें ज्याचें त्यानें आपल्या पात्राच्या अंगावर अनुभवून ओळखावें.

याचें ठळक उदाहरण मस्तकभेदाचें. हेडशॉट या नांवानें ती विद्या प्रसिद्ध होती. खेळांत पुढें जाण्यासाठीं अनुभवगुण मिळवावे लागत आणि ते खर्चून नवी विद्या विकत घ्यावी लागे. जिवंत पात्र दहाव्या पायरीस पोंचलें कीं त्याला मस्तकभेद शिकतां येई. आरंभींच्या नियमाप्रमाणें या विद्येनें पाडलेल्या मृताचे सांठविलेले अनुभवगुण हिरावले जात. कागदावर हा नियम समतोल दिसतो. जुन्या, मुरलेल्या मृताला त्याची फारशी झळ नव्हती. त्याच्या विद्या घेऊन झालेल्या असत. झळ लागे ती नवख्याला. त्याला एका पावलाला दोन गुण पडत. त्याचा पंजा चार वेळां उगारला तर सरासरीनें एक वेळां लागे. दिवसाचे ५० गुण खर्चून त्यानें चार अनुभवगुण गांठीं बांधावे आणि रात्रीं कोणी शिकाऱ्यानें येऊन ते एका गोळीसरशीं घेऊन जावे! सावकाराचें व्याज फेडतां फेडतां ज्याचें मुद्दल कधींच हलत नाहीं त्या कुळासारखी नवख्या मृताची गत झाली होती. मृतांचीं गाऱ्हाणीं या बाबतींत एकमुखी होतीं. आम्हांला मरण्याचें दुःख नाहीं, तो आमचा धंदाच आहे. आमची कमाई तेवढी घेऊं नका.

जिवंतांचेंही म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. मृत हा मारून मरत नाहीं. पडला कीं दहा गुण खर्चून पुन्हां उठतो; घोटा धरून उठण्याची विद्या त्याला असली तर एकाच गुणांत उठतो. मग आम्हीं गोळ्या शोधण्यांत दिवस घालवावा, त्या एका देहावर रिकाम्या कराव्या, आणि तो देह दुसऱ्या सकाळीं पुन्हां दाराशीं असावा, यांत मारण्याला अर्थ काय?

डेव्हिसनें नियम बदलला तो असा कीं दोघांच्याही तक्रारीचें मूळ कायम राहिलें, पण कोणी देशोधडीस लागला नाहीं. अनुभवगुण हिरावणें बंद झालें. त्याऐवजीं मस्तकभेदानें पडलेल्या मृतास उठतांना पांच कृतिगुण अधिक पडूं लागले. दंड राहिला, पण तो मिळकतीवर नव्हे, वेळेवर बसला. अर्ध्या तासास एक या भावानें पांच गुण म्हणजे अडीच तास. गेलेला वेळ सर्वांना सारखाच परत मिळतो, आणि गरिबाचा वेळ श्रीमंताच्या वेळेहून लवकर संपत नाहीं. शिवाय मोठ्या वेढ्याच्या वेळीं अडीच तासांचा विलंब जिवंतांना खरोखरच उपयोगी पडे. जिवंत पुष्कळ कुरकुरले. मृतही कुरकुरलेच, कारण नवख्याला आतां ५० पैकीं १५ गुण नुसतें उभें राहण्यांत घालवावे लागत. दोन्ही बाजूंनीं सारखीच कुरकुर चालूं राहिली, हाच त्या निकालाच्या योग्यतेचा दाखला मानावयास हरकत नाहीं.

मोर्चेबंदीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. जिवंत माणसें दारांशीं टेबलें, कपाटें, जें सांपडेल तें रचीत. सैल रचणीपासून अतिशय भक्कम रचणीपर्यंत तिच्या ठराविक पायऱ्या होत्या. एका पायरीपर्यंत बाहेरचा जिवंत मनुष्य आंत शिरूं शके. त्यापुढें मात्र दार मित्रालाही बंद. जाणत्या लोकांना शेजारच्या इमारतींतून थेट पलीकडच्या इमारतींत जाण्याची विद्या अवगत असे, म्हणून ते बेलाशक सारीं दारें चिणून टाकीत. नवखे लोक रस्त्यावर एका बंद दारापासून दुसऱ्या बंद दारापर्यंत फिरत आणि गुण संपले कीं तेथेंच झोंपत. सकाळीं ते मृत असत. आपल्याच लोकांच्या सावधगिरीनें मारलेल्या या माणसांची तक्रार मोठी करुण होती. तिला कर्त्यानें उत्तर दिलें नाहीं. दिलें तें खेळाडूंनींच. त्यांनीं उपनगरवार योजना आंखल्या: अमुक इमारती पूर्ण बंद कराव्या, अमुक इमारती नवागतांसाठीं प्रवेश राहील इतक्याच रचाव्या. त्या योजनेला कायद्याचें बळ नव्हतें. कोणी उतावळा येऊन दोन कपाटें जास्त चढवी आणि सारा बेत फसे. मग कोणी तरी तीं कपाटें मुकाट्यानें पाडून ठेवी. शहराच्या नागरिकत्वाचा पुरावा मागावयाचा झाला तर लढायांपेक्षां या पाडलेल्या कपाटांत तो अधिक सांपडेल.

मृतांची तक्रार वेगळी होती. एकटा मृत दिवसभर दार खरवडीत बसे आणि त्याचे गुण संपतांच आंतला एकच मनुष्य उठून पांच मिनिटांत सारें पुन्हां रची. दार फुटलें तरी आंत शिरलेल्या मृताच्या मागें तें लगेच बंद होई आणि बाहेरचे बाहेरच राहात. येथें डेव्हिसनें हळूहळू, एकेक करून, मृतांच्या बाजूला पलडा झुकविला. भक्ष्य दिसतांच हंबरडा फोडण्याची विद्या आली. तो हंबरडा कांहीं चौकोन दूरपर्यंत इतर मृतांच्या पडद्यावर उमटे, आणि आंत माणसें जितकीं अधिक तितका तो दूर जाई. मृत आंत असतांना दारें रचणेंही अवघड करण्यांत आलें. लुटून मोडकळीस आणलेली इमारत दुरुस्त केल्याशिवाय उपयोगांत येईनाशी झाली. या उत्तरांतून एक गोष्ट दिसते. मृताची ताकद वाढवून मागितली असतां त्यानें ती क्वचितच वाढविली. त्यानें मृतांना एकमेकांची हांक ऐकूं येईल असें केलें.

हांकेचा परिणाम मोठा झाला. जॉर्ज रोमेरोच्या १९७८ सालच्या चित्रपटांत माणसें मॉलमध्यें दडून बसतात. त्याच आठवणीनें माल्टनचे जिवंतही मॉलकडे धांव घेत. पहिल्या वर्षभरांतच केगर मॉलचे वेढे गाजले. एकीकडे शेंकडों जिवंत, बाहेर शेंकडों मृत. दोन्हीकडचीं माणसें निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या घड्याळांवर जगणारीं. शत्रु झोंपेल तो तास साधावा म्हणून मृत वेळ ठरवून एकदम उठत. २००६ मध्यें तर मृतांनीं एका मॉलमागून दुसरा मॉल पाडीत जाण्याची फेरीच काढली आणि तिला नाटकमंडळीच्या दौऱ्यासारखें 'मॉल टूर' असें नांव दिलें.

माल्टनच्या इतिहासांतलें सर्वांत मनोहर प्रकरण मात्र भाषेचें आहे. मृताला बोलतां येऊं नये हें रास्तच होतें. वेताळ प्रेतांत शिरला तरी कोडीं घालतो, हा आपला अपवाद सोडून द्यावा. पण बोलतां येत नाहीं म्हणजे सुई मागतां येत नाहीं, सोबत्याला वाट सांगतां येत नाहीं, शत्रूला शिवीही देतां येत नाहीं. यावर जी विद्या होती तिचें नांव मरणघरघर. ती घेतल्यावर मृताला इंग्रजी वर्णमालेंतलीं आठच अक्षरें उच्चारतां येत: ए, बी, जी, एच्, एम्, एन्, आर् आणि झेड्. सव्वीसांपैकीं अठरा अक्षरें गिळलेलीं. आणखी थोडीं अक्षरें द्या, ही मागणी अर्थातच झाली असती आणि झालीही. पण त्याआधींच खेळाडूंनीं आहे त्या आठांत संसार थाटला. माणसांना ते 'हार्मन्झ' म्हणूं लागले. मेंदूच्या इंग्रजी शब्दांत आय् हें अक्षर लागतें, तें नाहीं, तर त्याच्या जागीं उद्गारचिन्ह उभें करून काम भागविलें. 'म्ऱ्ह' एवढ्या आवाजाचा अर्थ, कृपा करून मला सुई टोंचा, असा रूढ झाला. 'बर्हाह' ही आनंदाची, उत्साहाची, चढाईची आरोळी झाली. तिचा नेमका अर्थ विचारणें 'हर हर महादेव'चा शब्दार्थ विचारण्यासारखें होतें. पुढें या भाषेला 'झाम्गऱ्ह' असें नांव पडलें, तिचा शब्दसंग्रह तयार झाला, व्याकरण सांगणारे शिक्षक निघाले. कर्त्याचें यावरचें उत्तर म्हणजे त्यानें आठांचीं नऊ अक्षरें केलीं नाहींत. एखादी उणीव भरून न काढणें हेंही कधीं कधीं उत्तम उत्तर असतें. ही गोष्ट राज्यकर्त्यांना क्वचित समजते, आणि समजली तर ते तिचा भलत्या ठिकाणीं उपयोग करतात.

जिवंतांना दळणवळणाचीं साधनें मिळालीं, पण तींही फुकट नाहींत. खिशांतला दूरध्वनि चालावयाचा तर त्या उपनगरांतल्या मनोऱ्याशीं कोणी तरी जनित्र बसवून त्यांत तेल घालीत राहिलें पाहिजे. नभोवाणीचें प्रक्षेपणयंत्रही होतें. एखाद्या काळोख्या इमारतींत तें बसवावें, अमुक लहरींवर बोलावें आणि शहरभर ज्याच्याजवळ ग्राहकयंत्र असेल त्यानें ऐकावें. जनित्र मृतांनीं फोडलें कीं केंद्र बंद. तेल घालणारा बहुधा निनांवी असे.

सगळींच उत्तरें बातम्यांच्या पानावर येत नसत. एकाच माणसानें अनेक पात्रें निर्मून त्यांची खाजगी फौज उभी करावी, ही लबाडी लौकरच सुरू झाली. प्रामाणिक खेळाडूंनीं नांवानिशीं फिर्यादी केल्या. चौकशा, साक्षी, हद्दपाऱ्या यांचा मार्ग डेव्हिसनें मुख्यतः धरला नाहीं. एकाच्याच मालकीचीं पात्रें जवळजवळ येतांच त्यांचे घाव चुकूं लागत आणि कपाटें रिकामीं निघत, अशी यंत्रणा त्यानें बसविली. लबाडाला नोटीस नाहीं, दंड नाहीं. त्याचें नशीब तेवढें फिरे.

२००८ मध्यें माल्टनला दोन अल्पायुषी भावंडें झालीं. रोमेरोच्या 'डायरी ऑफ द डेड' या चित्रपटाच्या निमित्तानें मनरोव्हिल आणि 'डेड सेट' या ब्रिटिश दूरदर्शन मालिकेच्या निमित्तानें बोरहॅमवुड. मनरोव्हिलमध्यें सुई नव्हती. मेलेला जिवंत होण्याची आशा नाहीं. माल्टनमध्यें ज्या सुईबद्दल मृत वर्षानुवर्षें तक्रार करीत, तिच्यावांचून शहर कसें रिकामें होत जातें, हें तेथें सर्वांना पाहावयास मिळालें. कालमर्यादेच्या खेळाला तें शोभून दिसलें. नांदत्या शहराला तें परवडलें नसतें.

त्यानंतर बदल विरळ होत गेले. पहिल्या वर्षांत बातम्यांचें पान वरचेवर भरत असे; पुढें त्यावर धूळ बसूं लागली. सामायिक वहींत सूचना येतच होत्या, त्यांवर मतें पडतच होतीं, परीक्षित सूचनांची यादी लांबतच होती. डेव्हिसनें खेळ सोडून दिला, अशी हाकाटी अनेकदां झाली. ती रास्त नव्हती. वीस वर्षें एका माणसानें यंत्र चालूं ठेवणें, अर्ध्या तासाला एक गुण न चुकतां प्रत्येकाच्या पदरांत पडत राहणें, हें तेल घालणाऱ्याचें काम तो करीतच होता. लोकही घटले, पण गेले नाहींत. कांहीं मृत एकाच रस्त्यावर दशकभर वास करून होते.

मग कायदा आला. ब्रिटनच्या पार्लमेंटानें २०२३ मध्यें 'ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्ट' संमत केला. मुलांना अपायकारक मजकुरापासून वांचवावें आणि अवाढव्य समाजमाध्यमांना जबाबदार धरावें, हा त्याचा हेतु; त्याला नांवें ठेवणें सोपें नाहीं. परंतु कायद्याची व्याख्या हेतूइतकीच लांब जाऊन थांबत नाहीं. जेथें लोक एकमेकांशीं बोलतात अशीं बहुतेक स्थळें तींत आलीं. बेकायदा मजकुराविषयींचीं बंधनें १७ मार्च २०२५ पासून अंमलांत यावयाचीं होतीं. चूक झाल्यास दंडाची मर्यादा एक कोटी ऐशीं लाख पौंड किंवा जगभरच्या उत्पन्नाच्या शेंकडा १०, यांपैकीं जी रक्कम मोठी असेल ती. प्रत्येकाकडून त्याच्या आकारमानानुसार अपेक्षा ठेवूं, असें ऑफकॉम या नियामक मंडळाचें म्हणणें होतें. पण जोखमीचें लेखी परीक्षण लहानथोर सर्वांनाच करावयाचें होतें. आठ अक्षरांत घोगरणारीं प्रेतेंही कायद्याच्या दृष्टीनें एकमेकांशीं बोलणारीं माणसेंच होतीं, आणि त्यांच्या बोलण्याची जबाबदारी एका माणसावर येत होती.

मार्च महिन्यांत माल्टनच्या रहिवाशांना पडद्यावर एक निवेदन दिसलें. वीस वर्षें नियमांच्या भाषेंत उत्तरें देणाऱ्या डेव्हिसनें या वेळीं सरळ वाक्यें लिहिलीं होतीं. एकट्यानें चालविलेल्या उद्योगालाही मोठ्या कंपन्यांच्या मापाचा दंड होऊं शकतो, म्हणून खेळ चालविणें शक्य दिसत नाहीं, असें त्यानें नाखुषीनें कळविलें. शेवट कसा होणार तेंही सांगितलें: भव्य प्रसंग नाहीं, अंतिम प्रलय नाहीं, सुटकेसाठीं हेलिकॉप्टर येणार नाहीं. ज्यानें त्यानें माल्टनमध्यें जें घर मानलें असेल तेथें जाऊन शांत व्हावें किंवा शेवटची झुंज द्यावी. हें निवेदन सामायिक वहींत मतास टाकण्याजोगें नव्हतें.

शुक्रवार, १४ मार्च रोजीं यंत्र थांबलें. विलगीकरणाच्या पहिल्या दिवसापासूनचा काळ डेव्हिसनें निवेदनांतच मोजून दिला होता: १९ वर्षें, ८ महिने आणि ११ दिवस.